आधी बॉक्स, मग वूफर

अमरावती किंवा अकोल्यातल्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात वूफर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंची पायजे भाऊ?" त्यामागून वॅटचा आकडा येतो, मग भाव. बॉक्सचा विषय निघतो तो पैसे ठरल्यावर, आणि रचून ठेवलेल्या तयार बॉक्सांपैकी भोकाचं माप जुळणारा एक उचलला की तो मिटतोही. काही दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं. आवाज मोठा आहे, डिकीचं झाकण थरथरतं, पण "बेस येऊनच नाही राहिला". मग वूफरला दोष दिला जातो, कधी अ‍ॅम्पला. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. चुकलेला असतो तो खरेदीचा क्रम. गाडीत जागा किती, त्या जागेत कोणत्या जातीचा आणि किती लिटरचा बॉक्स बसतो हे आधी ठरायला हवं. त्या बॉक्सला शोभेल असा वूफर त्यानंतर निवडायचा. या लेखात सगळ्या जातींचा आढावा घ्यायचा आहे, तो या एका आग्रहापोटी.

बॉक्सला एवढं महत्त्व का, हे आधी पाहू. वूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन लाटा निघतात, एकमेकींच्या अगदी उलट. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या वर असते. तिच्यापुढे बारा इंची कोनाची कड म्हणजे काहीच नाही. मागची लाट सहज वळून पुढे येते आणि पुढचीला खोडून टाकते. उघडा वूफर हातात धरून वाजवला तर कोन जोरात हलताना दिसतो आणि बेस मात्र ऐकू येत नाही, तो यामुळे. मागची लाट अडवणं किंवा तिला वळण देऊन कामाला लावणं, हे बॉक्सचं काम. शिवाय बॉक्सातली हवा कोनाला मागून स्प्रिंगसारखा आधार देते. लिटर बदलले की हा आधार बदलतो, आणि तोच वूफर वेगळा वाजू लागतो.

हे गणित जुनं आणि पक्कं आहे. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांचं पोर्टच्या बॉक्सचं पेटंट १९३२चं. पूर्ण बंद, छोट्या बॉक्सातून खोल बेस काढण्याची रीत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत बाजारात आणली. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात या सगळ्याला नेमक्या आकड्यांत बसवलं. आज कुठल्याही बऱ्या वूफरच्या खोक्यात जो कागद येतो, त्यावर छापलेले एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे याच दोघांची देणगी. एफएस म्हणजे उघड्या वूफरची स्वतःची कंपनसंख्या. क्यूटीएस म्हणजे कोन हलायला लागल्यावर त्याला किती लगाम आहे याचं माप. व्हीएएस म्हणजे कोनाच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा किती लिटर. हा कागद गिऱ्हाईक दुकानातच टाकून येतं. तो जपून ठेवावा, आणि ज्या वूफरला असा कागदच नाही तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला बॉक्स बनवायचा म्हणजे अंदाजपंचे.

आता गाडीकडे येऊ, कारण गाडीत एक गोष्ट घडते जी घरात किंवा मैदानात त्या प्रमाणात घडत नाही. लाटेची अर्धी लांबी केबिनच्या सर्वांत लांब मापाहून मोठी झाली की ती लाट केबिनमध्ये मावत नाही. मग वूफर लाटा सोडण्याऐवजी आख्ख्या केबिनचा दाबच वरखाली करू लागतो. अडीच-पावणेतीन मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. त्या खाली, कंपनसंख्या एका सप्तकाने उतरली की आवाज सिद्धांताप्रमाणे १२ डेसिबलने चढतो. पातळ पत्रा, काचा, दाराच्या फटी यांमुळे प्रत्यक्षात इतका चढत नाही, पण भरपूर चढतो. याला केबिन गेन म्हणतात. गाडीत बसलेल्या माणसाला हा बेस फुकट मिळतो.

वऱ्हाडात या गोष्टीचा विसर पडण्याचं एक कारण मला दिसतं. इथे मोठ्या आवाजाची कल्पना घडते ती मिरवणुकीत. अकोल्याची श्रावणातली कावड यात्रा, १४ एप्रिलची भीमजयंती, गणपती, लग्नाच्या वराती यांत वाजणारे अठरा इंची डीजेचे बॉक्स रस्त्यावर, उघड्यावर चालतात. तिथे केबिन नसते, गेन नसतो, सगळा बेस बॉक्सलाच निर्माण करावा लागतो. म्हणून ते बॉक्स प्रचंड असतात, पोर्टचे किंवा घडी घातलेल्या हॉर्नचे असतात, आणि ४०-५० हर्ट्झच्या वरच जोर लावतात. तोच कारागीर जेव्हा तेच प्रमाण छोटं करून गाडीत बसवतो, तेव्हा बॉक्सचा ५०-६० हर्ट्झचा उंचवटा आणि केबिनची चढण एकमेकांवर येतात. मग एकाच सुरावर 'भूम भूम' होत राहतं. गाणं कोणतंही असो, वूफर तोच एक सूर गातो. रस्त्यावरून ऐकणाऱ्याला ते दणदणीत वाटतं. आत बसणाऱ्याला ढोलकीची थाप आणि बेस गिटारची ओळ वेगळी काढता येत नाही.

सील बॉक्स, म्हणजे पूर्ण बंद खोकं, ही माझी पहिली शिफारस आहे आणि तिचं कारण वर सांगितलेल्या केबिन गेनमध्ये दडलेलं आहे. सील बॉक्सचा आवाज त्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. केबिन साधारण त्याच उताराने चढते. दोन्ही एकमेकांना पुरे पडतात, आणि घरात ५० हर्ट्झवर थकणारा छोटा बॉक्स गाडीत ३० हर्ट्झपर्यंत ऐकू येतो. बॉक्सातली हवा कोनाला कायम धरून ठेवते, त्यामुळे जास्त आवाजातही कोन बेलगाम धावत नाही. थाप पडते आणि थांबते, मागे गुणगुण उरत नाही.

इथे लिटरचा हिशेब एकदा उदाहरणाने करून दाखवतो. समजा बारा इंची वूफरचा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचं. येणाऱ्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणायचं. बॉक्स ४० लिटरचा असेल तर वर्गमूळ १.५८ येतं. बॉक्सची कंपनसंख्या ४७ हर्ट्झच्या आसपास जाते आणि लगामाचा आकडा ०.७१ येतो. ०.७०७ हा सर्वांत सपाट आवाजाचा आकडा मानला जातो, म्हणजे हा बॉक्स उत्तम. तोच वूफर २८ लिटरमध्ये, म्हणजे एका घनफुटात घातला तर ५३ हर्ट्झ आणि ०.८० येतात. थोडा भरीव, पण चांगला. २० लिटरमध्ये कोंबला तर ६० हर्ट्झ आणि ०.९०. आता फुगीरपणा कानाला कळतो. हे मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि वूफर विकणाऱ्या प्रत्येकाला ते यावं असं मला मनापासून वाटतं.

जागा थोडी कमी पडत असेल तर आत तंतूंचं भरण घालायची जुनी युक्ती आहे. हवा पटकन दाबली की तापते आणि ताठरते. तंतू ती उष्णता शोषून घेतात, म्हणून हवा मऊ राहते आणि बॉक्स आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो. सिद्धांतातली कमाल ४० टक्के, हाती लागतात दहा-वीस टक्के. कापसाच्या मुलखात पहिला विचार येतो तो गादीच्या कापसाचा. तो घालू नये. कापूस पावसाळ्यात ओल धरतो, धक्क्यांनी तळाशी बसतो, आणि त्याचा बारीक तंतू वूफरच्या मागच्या छिद्रातून कॉइलच्या फटीत गेला तर वूफर कायमचा खरखरतो. उशांमध्ये वापरतात तो पॉलिस्टर फायबर घ्यावा, मोकळा करून भरावा आणि वूफरच्या मागे जाळीचं कापड लावावं. पोर्टच्या बॉक्सला हे भरण चालत नाही. तिथे हवेला पोर्टकडे मोकळी वाट लागते.

पोर्टचा बॉक्स, बाजारातला 'पाईपवाला', याच्याशी माझं वैर नाही. नीट बनवलेला पोर्टचा बॉक्स त्याच वूफरमधून, त्याच अ‍ॅम्पवर, जुळवलेल्या कंपनसंख्येजवळ सीलपेक्षा तीन डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज देतो. तीन डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की जो सूर निघतो, तीच क्रिया इथे आहे. बॉक्समधली हवा स्प्रिंग होते, पोर्टमधली हवा वजन होते, आणि दोन्ही मिळून एका ठरलेल्या सुरावर डोलतात. त्या सुरावर कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळं काम पोर्ट करतो.

पण त्या सुराच्या खाली चित्र उलटतं. पोर्ट म्हणजे नुसतं भोक उरतं, कोनाच्या मागचा आधार निघून जातो आणि आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. कोन मात्र पिसाट हलतो. पोर्टच्या बॉक्समधले वूफर फाटतात ते बहुतेक इथेच. म्हणून पोर्टचा बॉक्स घेतला तर अ‍ॅम्पवर सबसोनिक फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारी सोय, असायलाच हवा आणि तो जुळवणीच्या थोडा खाली लावलेला हवा. ज्या अ‍ॅम्पला ही सोय नाही त्यावर पोर्टचा बॉक्स लावूच नये.

दुसरी अडचण पोर्टच्या मापाची. पावणेदोन ते सव्वादोन घनफूट हा बारा इंचीसाठी नेहमीचा आकार. आपण दोन घनफूट, म्हणजे ५७ लिटर धरू आणि ३४ हर्ट्झला जुळवू. तीन इंची पीव्हीसी पाईप वापरला तर त्याची लांबी पंधराएक सेंटिमीटर पुरते. बनवणाऱ्याला हे सोयीचं, म्हणून तयार बॉक्समध्ये हाच पाईप दिसतो. पण बारा इंची कोनाने ढकललेली हवा तीन इंची तोंडातून इतक्या वेगाने जाते की फुसफुस ऐकू येते, आणि जोरात वाजवल्यावर पोर्ट गुदमरतो. दर घनफुटाला बारा चौरस इंच तोंड हा कामाचा अंदाज आहे. तेवढं तोंड ठेवलं तर पोर्टची लांबी साठ सेंटिमीटरच्या घरात जाते. मग तो सरळ बसत नाही, लाकडी फळ्यांनी चौकोनी पोर्ट वळवून न्यावा लागतो आणि त्याचीच जागा दहा लिटरहून जास्त होते. ती जागा, वूफरच्या चुंबकाची जागा आणि आडव्या पट्ट्यांची जागा निव्वळ लिटरांत धरायची नसते. तयार बॉक्सवर 'दोन घनफूट' लिहिलेलं असतं तेव्हा ते निव्वळ की ढोबळ, हे विचारायला विसरू नये.

कोणता वूफर सीलला आणि कोणता पोर्टला, याचा एक झटपट कौल कागदावरच मिळतो. एफएसला क्यूईएसने, म्हणजे क्यूटीएसमधल्या विजेच्या लगामाच्या आकड्याने, भागायचं. उत्तर पन्नासच्या आसपास किंवा खाली आलं तर सील, नव्वद-शंभरच्या वर गेलं तर पोर्ट, मध्ये असेल तर दोन्ही चालतात. हा कौल अंतिम नाही, पण चुकीच्या दिशेने निघण्यापासून तो वाचवतो.

बाकीच्या जाती थोडक्यात. बँडपास बॉक्समध्ये वूफर आत दडलेला असतो, एका बाजूला बंद कप्पा आणि दुसऱ्या बाजूला पोर्टचा. काचेतून दिसणारा, दिवे लावलेला असा तयार बँडपास बॉक्स दुकानात आकर्षक दिसतो. त्याचा पट्टा अरुंद असतो, त्या पट्ट्यात तो खूप वाजतो आणि बाहेर काहीच नाही. आतला वूफर फाटायला आला तरी त्याचा ओरडा बाहेर ऐकू येत नाही. मी तो सुचवत नाही. बेसट्यूब, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचा पोर्टचा बॉक्स, स्वस्त आणि हलका असतो आणि पाहिजे तेव्हा काढून ठेवता येतो. त्यातला वूफर मात्र बहुतेकदा साधाच असतो आणि नळकांडं गाडीत लोळू नये म्हणून पट्टे घट्ट लागतात. सेडानच्या मागच्या काचेखालच्या फळीत वूफर बसवून डिकीलाच बॉक्स मानण्याची रीत एके काळी चालायची. त्यासाठी डिकी आणि केबिन यांमध्ये फट राहता कामा नये, आणि मागची सीट दुमडणाऱ्या गाडीत ते जमत नाही.

सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. धातूच्या चपट्या पेटीत आठ इंची वूफर आणि आतच अ‍ॅम्प. इतक्या थोड्या हवेत ४० हर्ट्झच्या खाली तो फारसा जात नाही आणि गाडी हादरवतही नाही. पण वऱ्हाडातल्या गाड्यांत वाजतं काय, याचा विचार करा. सुरेश भटांच्या गझला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीची भजनं, भीमगीतं, जुनी हिंदी गाणी. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. त्याखाली जातो तो मुख्यतः आजचा यंत्रावर बनवलेला बेस. ज्याला गाण्याच्या खालचा भराव हवा आहे, डिकीत खताची पोती किंवा लग्नाचं सामान टाकायचं आहे, त्याला ही पेटी पुरते. फक्त ती पायाखालच्या गालिच्यावर नुसती सरकवून ठेवू नये, खाली ब्रॅकेट लावून आवळावी.

आता लाकूड, आणि इथे वऱ्हाडाचं हवामान मध्ये येतं. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केलं होतं. अशा दिवशी उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचं आतलं तापमान त्याहून पंधरा-वीस अंशांनी सहज वर जातं. त्यानंतर दीड महिन्यात पावसाळी ओल येते. उन्हाने आधी सुकवलेल्या बॉक्सला ही ओल सोसावी लागते. बॉक्सची खरी परीक्षा हीच.

साधा एमडीएफ सगळीकडे वापरतात, कारण तो जड, एकसंध आणि कापायला सोपा. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या आसपास भरते. पण कापलेली कड उघडी राहिली की ती पाणी शोषून फुगते, आणि एकदा फुगली की बसत नाही. डिकीचं रबर जुनं झालेल्या गाडीत हे हमखास होतं. आतून-बाहेरून सगळ्या कडांना सीलर किंवा रंग लावला तर एमडीएफ चांगला टिकतो. फर्निचरवाले हल्ली वापरतात तो एचडीएचएमआर बोर्ड ओल जास्त सोसतो आणि वजनालाही भक्कम आहे. माझी पसंती त्याला, किंवा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायला. प्लाय हलका असतो आणि स्क्रू घट्ट धरतो, फक्त आत पोकळी नसलेला बघून घ्यावा. पोकळी असली की ती वाजते. परतवाडा जवळ असल्यामुळे 'सागवानाचाच बनवून द्या' असा आग्रह धरणारेही आहेत. मेळघाटचा साग घराच्या दाराला सोन्यासारखा, पण बॉक्सला नको. अखंड लाकूड ऋतूप्रमाणे आडवं फुगतं-आकसतं, सांधे उघडतात, आणि सील बॉक्सची सगळी मदार हवाबंद सांध्यांवर आहे. सागाची हौस असेल तर प्लायवर सागाचं व्हिनिअर लावावं.

सांध्याला फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लागतात, आणि साध्यापेक्षा उष्णता सोसणारा प्रकार घ्यावा. आतून सिलिकॉनची रेघ ओढावी आणि ती पूर्ण सुकल्यावरच वूफर बसवावा. एक फुटापेक्षा लांब मोकळी फळी असेल तर मधून आडवी पट्टी द्यावी, नाहीतर फळी स्वतःच वाजू लागते. 'आतल्या भिंती तिरक्या ठेवल्या की बेस सुधारतो' हे मात्र ऐकू नये. अर्ध्या मीटरच्या खोक्यात लाटा उभ्या राहतात त्या तीनशे-चारशे हर्ट्झला, आणि वूफर तिथे वाजतच नाही. तिरकी बाजू उपयोगी आहे ती मागच्या सीटच्या उताराला बॉक्स टेकवण्यासाठी. अशा तिरक्या किंवा फायबरच्या बॉक्सचे लिटर सूत्राने काढणं अवघड जातं. त्यात ज्वारी किंवा तूर भरून ती लिटरच्या मापाने मोजावी, हिशेब बिनचूक येतो.

उष्णतेने पोर्टची जुळवणी बिघडते का, असा प्रश्न एखादा चौकस माणूस विचारतो. बिघडते, पण नगण्य. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो, मे महिन्यात ४५ अंशांना साधारण ३५७. त्यामुळे थंडीतला ३४ हर्ट्झचा बॉक्स उन्हाळ्यात पावणेछत्तीसला जुळतो. कानाला कळायचं नाही. उन्हाचा मार बसतो तो कॉइलवर. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली की रोध जवळजवळ चाळीस टक्क्यांनी चढतो, अ‍ॅम्पमधून ओढली जाणारी ताकद घटते आणि आवाज खाली येतो. माणूस मग आवाज आणखी वाढवतो, आणि कॉइल जळते. दुपारी उन्हातून काढलेल्या गाडीत पहिली दहा मिनिटं एसी चालू द्यावा आणि बेस बेताने ठेवावा. दार आणि डिकीच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावायची असेल तर ब्युटाइलचीच. डांबराच्या स्वस्त शीटा आपल्याकडच्या उन्हात मऊ होऊन सुटतात.

रस्त्याचाही यात वाटा आहे. टायरचा आणि रस्त्याचा घरघराट खालच्याच पट्ट्यात जास्त असतो आणि तो बेसला झाकून टाकतो. उभ्या गाडीत भरपूर वाटणारा बेस ऐंशीच्या वेगात हरवतो, तो यामुळे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गुळगुळीत डांबरावर गाडी शांत चालते. तीच गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात किंवा एखाद्या खडबडीत पांदण रस्त्याला घातली की वूफरची पातळी आपोआप वाढवावीशी वाटते. म्हणून बेसची मूठ हाताशी असावी आणि वूफरमध्ये थोडी ताकद शिल्लक ठेवावी.

जागेचा हिशेब आकड्यांत मांडला की भावना जरा शांत होतात. आधीच्या स्विफ्टची डिकी २६८ लिटर, वॅगनआरची ३४१, आधीच्या डिझायरची ३७८. वर सांगितलेला दोन घनफुटांचा पोर्टचा बॉक्स लाकूड, पोर्ट धरून बाहेरून ९० लिटरच्या घरात जातो आणि नुसतं लाकूडच पंधरा किलोंवर भरतं. एका घनफुटाचा सील बॉक्स साधारण ४५ लिटरमध्ये बसतो. सीएनजीची टाकी असलेल्या वॅगनआरमध्ये मोठ्या बॉक्सचा विषयच संपतो. तिथे दहा इंचीचा उथळ सील बॉक्स किंवा सीटखालची पेटी. बॉक्स टाकीला टेकवू नये आणि टाकीच्या पट्ट्याला कशानेही बांधू नये. कोणत्याही गाडीत बॉक्स पक्का आवळलेला असणं ही चैन नव्हे. जोराच्या धडकेत मागचा तीस किलोचा बॉक्स काहीशे किलोंच्या जोराने सीटच्या पाठीवर आदळतो, आणि त्या सीटवर लेकरं बसलेली असतात.

हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असल्यामुळे बॉक्स कुठेही बरा वाजतो. तोंड मागच्या दाराकडे आणि बॉक्स त्या दाराजवळ, ही मांडणी बहुधा उत्तम. सेडानमध्ये मागच्या सीटची पाठ बेस अडवते, म्हणून डिझायरसारख्या गाडीत सीटच्या हातटेकणीमागची वाट मोकळी आहे का ते पाहावं आणि डिकीच्या झाकणाचं, नंबरप्लेटचं खुळखुळणं आधी बंद करावं. बोलेरो, स्कॉर्पिओमध्ये जागा मोठी, पण मागची आडवी सीट काढून तिथे बॉक्स ठोकायचा मोह टाळावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि आसनसंख्या हा नोंदणीतला तपशील आहे.

कायद्याचा दुसरा भाग आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या कलाने, 'ए' भाराने होतं, आणि तो भार ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करतो. म्हणजे यंत्रावर आकडा शांत दिसेल आणि शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्याच्या छातीत मात्र धडधड होत राहील. भिंती, खिडक्या उंच आवाज अडवतात, बेस अडवत नाहीत. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयावरून जाताना बेस खाली घ्यायला कोणाच्या आकड्याची वाट पाहू नये.

वायरिंगबद्दल एवढंच, की कागदावरच्या 'पीक' वॅटकडे न पाहता आरएमएस, म्हणजे सलग चालणारे वॅट, पाहावे. पाचशे आरएमएसचा डी क्लास अ‍ॅम्प पूर्ण जोरात पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि त्याला जाड तांब्याची वायर व बॅटरीजवळ फ्यूज लागतोच.

मग प्रत्यक्षात काय घ्यावं? रोज अमरावती-बडनेरा किंवा अकोला-मूर्तिजापूर ये-जा करणारी, कुटुंबाची हॅचबॅक असेल तर दहा इंची वूफर आणि वीस-पंचवीस लिटरचा सील बॉक्स, त्याच्या कागदावरून मोजून बनवलेला. ज्याला खरोखर जोर हवा आहे, डिकी द्यायची तयारी आहे आणि अ‍ॅम्पवर सबसोनिक फिल्टर आहे, त्याने बारा इंची पोर्टचा बॉक्स ३२ ते ३५ हर्ट्झला जुळवून घ्यावा, रुंद पोर्टसह. बनवणाऱ्या कारागिराकडून निव्वळ लिटर, पोर्टचं माप आणि जुळवणीचे हर्ट्झ हे तीन आकडे बॉक्सच्या बुडाला मार्करने लिहून घ्यावेत. पुढे वूफर बदलायची वेळ आली तर तेच कामी येतात. आणि पैसे देण्याआधी बॉक्स गाडीत ठेवून, दारं-काचा बंद करून, चालकाच्या सीटवर बसून आपल्या रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं लावावं. मग वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून तेच गाणं पुन्हा ऐकावं. ज्या जोडणीत ढोलकीची धुम समोरून आल्यासारखी वाटेल, ती ठेवावी.